जुना फ्लॅट घेण्याआधी करून घेतलेली स्ट्रक्चरल तपासणी: डोंबिवलीतला आमचा अनुभव

डोंबिवली पूर्वेला आम्ही रिसेलमध्ये एक वन बीएचके बघितला. इमारत १९९३ ची, तळमजला अधिक चार मजले, लिफ्ट नाही, रस्त्याच्या बाजूला खाली दुकानं. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, भाव आमच्या आवाक्यातला. टोकन देण्याआधी आम्ही एका स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या छोट्या ऑफिसकडून तपासणी करून घेतली, त्या सेवेचा हा रिव्ह्यू. मी कल्याणला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रोज रिपोर्ट तयार करते, त्यामुळे एखाद्या रिपोर्टमध्ये काय मोजलेलं आहे आणि काय नुसतं म्हटलेलं आहे, हे मला चटकन दिसतं. या सेवेला मी चांगलं म्हणते ते मुख्यतः याच कारणासाठी.

हल्ली होम इन्स्पेक्शन म्हणून जे मिळतं ते बहुतेक नव्या फ्लॅटसाठी असतं. टाइल पोकळ आहे का, दरवाजा घासतो का, प्लगला अर्थिंग आहे का, असं सगळं. नवा ताबा घेताना ते उपयोगाचं आहे, कारण रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष कळवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. तीस वर्षांच्या इमारतीत बिल्डरला कुठे शोधणार? तिथे जे निघेल ते तुमचं आणि सोसायटीचं. बँकेचा माणूस व्हॅल्युएशनला येऊन गेला म्हणजे तपासणी झाली, असंही पुष्कळांना वाटतं. आमच्या एजंटने तेच सांगितलं होतं. बँक इमारतीचं वय, कागद आणि बाजारभाव बघते, तिला तिच्या कर्जाची काळजी असते. सळईपर्यंत ती जात नाही. २०२१ च्या मे महिन्यात शेजारच्या उल्हासनगरमध्ये दोन इमारतींचे स्लॅब खालच्या मजल्यांवर कोसळले, दोन्हीकडे माणसं गेली. आमच्या घरात त्या बातम्या कोणी विसरलेलं नाही. म्हणून आम्हाला सळईपर्यंत जाणारा माणूस हवा होता.

इंजिनिअर सर आले ते आधी फ्लॅटमध्ये शिरलेच नाहीत. सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली मागून घेतली आणि थेट वर गेले. गच्चीवर सोसायटीने पत्र्याची शेड टाकली होती, गळती थांबावी म्हणून. सरांनी गच्चीच्या दाराच्या उंबऱ्यापाशी फूटपट्टी धरली आणि म्हणाले, इथे कोब्यावर कोबा झालाय, म्हणजे गळती थांबवायला घालतात त्या विटांच्या तुकड्यांच्या आणि सिमेंटच्या थरावर आणखी एक थर. जुना कोबा न काढता त्यावर नवा थर घालायचा, ही आपल्याकडची नेहमीची पद्धत. विटांच्या चार-साडेचार इंच जाड कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भरतं. गळती कदाचित थांबते, पण ते ओझं कायमचं स्लॅबवर बसतं. मला हे कोणी कधीच सांगितलं नव्हतं, आणि आम्ही आज जिथे भाड्याने राहतो तिथेही हेच झालेलं आहे.

मग जिना उतरत प्रत्येक मजल्याच्या अर्ध्या लँडिंगखालचे बीम, बाहेरच्या भिंतीवरचे संडास-बाथरूमचे पाइप, डक्टमध्ये उगवलेली पिंपळाची रोपं, खाली पार्किंगमधले कॉलम. एका दुकानात रंगकाम चालू होतं. सर आत जाऊन दुकानदाराशी बोलले आणि कुठली भिंत काढलीय ते बघून आले. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमध्ये चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं. म्हणून तळमजल्याची दुकानं बघितल्याशिवाय ते वरच्या फ्लॅटबद्दल बोलत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. आमच्या इमारतीतल्या दुकानदाराने फक्त अर्ध्या विटेची मधली भिंत काढली होती, कॉलमला हात लावला नव्हता. ते ऐकून बरं वाटलं.

फ्लॅटमध्ये आलो तेव्हा रंगाचा वास ताजा होता. हॉलमध्ये पीओपीचं फॉल्स सिलिंग. किचनमध्ये ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, कॉलमवर एक उभी भेग, माळ्याच्या खालपासून जवळजवळ खिडकीच्या पातळीपर्यंत. माझ्या नवऱ्याला बेडरूममधल्या भेगेची जास्त भीती वाटत होती, कारण ती लांब होती. तिथे सरांनी आम्हाला जे समजावलं ते प्रत्येक घर बघणाऱ्याला माहीत असायला हवं.

बीमच्या खाली, विटांची भिंत जिथे बीमला भिडते तिथे आडवी भेग जाते, किंवा भिंत आणि कॉलम यांच्या सांध्यात उभी जाते. वीट आणि काँक्रीट उन्हापावसात वेगवेगळं आकुंचन-प्रसरण पावतात, म्हणून तो सांधा सुटतो. दिसायला वाईट, पण इमारतीला धोका नाही. बेडरूममधली भेग ती होती. प्लास्टरवर जाळीसारख्या बारीक रेघा असतात, त्या प्लास्टर वाळताना पडलेल्या. काळजी करायची ती कॉलमच्या किंवा बीमच्या अंगावर, सळईच्या दिशेने धावणाऱ्या भेगेची, त्यातही कडेला तांबूस डाग असेल तर. आणि बीम जिथे कॉलमला मिळतो त्या टोकाजवळ तिरकी भेग दिसली तर लगेच इंजिनिअरला बोलवायचं, त्यात थांबायचं नाही. सरांकडे रेघांच्या जाडीचं एक पारदर्शक कार्ड होतं, ते भेगेवर धरून त्यांनी जाडी वाचली. काँक्रीटच्या भेगेसाठी आपल्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात साधारण परिस्थितीत ०.३ मिलिमीटरची मर्यादा आहे. किचनमधली भेग तिच्या कितीतरी पुढे होती, आणि हातोडीने टकटक केल्यावर आजूबाजूचा गिलावा बद्द वाजत होता.

पुढचं काम कठीण होतं, कारण गिलावा फोडायचा होता आणि घर आमचं नव्हतं. मालक सत्तरीचे काका आहेत, काकू आणि ते दोघंच राहतात. काका चिडले. "तीस वर्षं राहतोय मी इथे. माझं घर काय पडायला आलंय का?" म्हणाले. आमच्या तोंडून शब्द फुटेना. सर खाली बसले, काकांना भेग दाखवली आणि शांतपणे म्हणाले, "काका, ही मंडळी पटलं नाही तर दुसरं घर बघतील. तुम्ही आज रात्री इथेच झोपणार आहात. हे तुमच्यासाठीही बघायला हवं." काका बराच वेळ भेगेकडे बघत राहिले. मग काकूच म्हणाल्या, फोडा. फोडलेला भाग आम्ही आमच्या खर्चाने भरून देऊ, असं सरांनी आधीच एका कागदावर लिहून आणलं होतं. त्यावर आमची आणि काकांची सही घेतली. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देते. तपासणी करणारे बरेचजण मालकाला अडथळा समजतात.

गिलावा निघाला तेव्हा आतली सळई दिसली. गंज पापुद्र्यांनी सुटत होता. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, आणि आतून काँक्रीटला फोडून बाहेर ढकलतो. म्हणजे भेग ही आजाराची खूण, आजार आत.

आता चाचण्या. इथे मला खरा आनंद झाला. सरांच्या सहकाऱ्याने काँक्रीटचा ताजा फोडलेला तुकडा ब्रशने साफ केला आणि त्यावर अल्कधर्मी पदार्थाला लागलं की गुलाबी होणारं फिनॉल्फथॅलीन फवारलं. बीएस्सीला आम्ही टायट्रेशनला वापरायचो तेच. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, पीएच १२ च्या वर, आणि त्यामुळेच सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत गेला की पीएच ९ च्या खाली उतरतो (हेच कार्बोनेशन), थर जातो, गंज सुरू होतो. जिथे गुलाबी रंग येतो तिथे काँक्रीट अजून सळईला सांभाळतंय. आमच्या कॉलमला ३५ मिलिमीटर आत गेल्यावर गुलाबी आलं, आणि सळई होती २५ मिलिमीटरवर. पुढे काही समजावून सांगायची गरजच उरली नाही.

रिबाउंड हॅमरही मारला, म्हणजे स्प्रिंगची हातोडी किती उसळते त्यावरून काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज घेतला. त्याचा आकडा चांगला आला, आणि नवऱ्याचा चेहरा उजळला. सरांनी लगेच सांगितलं की या आकड्यावर जाऊ नका. कार्बोनेशन झालेल्या जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कडक होतो, त्यामुळे हॅमर असतं त्यापेक्षा जास्त ताकद दाखवतो. स्वतःच्याच उपकरणाचा अनुकूल आकडा स्वतःच बाजूला ठेवणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो. मग अल्ट्रासॉनिक पल्सची चाचणी. काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते बघतात. सेकंदाला ४.५ किलोमीटरच्या वर उत्तम, ३.५ ते ४.५ चांगलं, त्याखाली शंकास्पद. हॉलमधल्या कॉलमला ३.७ आलं, किचनमधल्याला २.८. किचनमध्ये कॉलमच्या समोरासमोरच्या बाजू मोकळ्या नव्हत्या, लागून असलेल्या दोन बाजूंवरून मोजावं लागलं, तेव्हा हा आकडा तेवढा पक्का धरू नये, हेही त्यांनी तिथेच लिहून घेतलं. शेवटी हाफ सेल, म्हणजे सळईचा विद्युत दाब मोजून गंज चालू आहे का ते बघणारी चाचणी. उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त उणे आकडा आला तर त्या जागी गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरतात. आमचे आकडे त्याच्या पलीकडे होते.

रिपोर्ट आठवड्याहून थोड्या जास्त दिवसांनी मिळाला. प्रत्येक निरीक्षण फ्लॅटच्या नकाशावर क्रमांकाने खुणावलेलं, प्रत्येकाचा फोटो, चाचणीचा आकडा, कुठल्या मानकाप्रमाणे ते. आणि एक पान फक्त काय बघितलेलं नाही याचं. पाया बघितलेला नाही. हॉलमध्ये पीओपीच्या वरचा स्लॅब फक्त एका उघडलेल्या चौकोनातून बघितला. काँक्रीटची कोअर, म्हणजे ड्रिलने कापलेला गोल नमुना, काढलेली नाही, त्यामुळे ताकदीबद्दल ठाम विधान नाही. आमच्या लॅबमध्ये सॅम्पल कमी पडलं तर आम्ही तसं रिपोर्टवर लिहितो, हे तसंच होतं. माझ्या बहिणीने ठाण्यात एका दुसऱ्या ठिकाणाहून तपासणी करून घेतली होती. तो रिपोर्ट चांगला जाडजूड होता, थर्मल कॅमेऱ्याचे रंगीत फोटो होते, पण ओल आहे यापलीकडे त्यातून काहीच कळत नव्हतं. ओल कशामुळे, सळईला लागली का, कोणी काय करायचं, काही नाही.

आम्ही सरांना विचारलं की ही इमारत महापालिकेच्या वर्गवारीत कुठे बसते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी न सोडता दुरुस्ती, सी-३ किरकोळ. ते म्हणाले, एका फ्लॅटवरून मी हे सांगणार नाही, आणि कोणी सांगितलं तर तुम्ही ऐकू नका. हा रिपोर्ट म्हणजे महापालिकेला द्यायचं स्थैर्य प्रमाणपत्र नव्हे, हेही पहिल्याच पानावर ठळक लिहिलेलं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी मी इतकं लिहायला बसले. आमच्या मनात हिशेब सरळ होता: दुरुस्तीचा खर्च काढायचा, तेवढे पैसे भावातून कमी करून घ्यायचे, व्यवहार करायचा. एजंटचाही सल्ला तोच, शिवाय "वरून मायक्रो काँक्रीट मारून पीओपी करून टाकू, कळणारही नाही" असं त्याचा ओळखीचा काँट्रॅक्टर सांगून गेला. सरांनी कागदावर कॉलमची रेघ काढली, पायापासून गच्चीपर्यंत. दुसऱ्या मजल्यावर त्या कॉलमला जॅकेट, म्हणजे बाहेरून नव्या सळया आणि काँक्रीटचा थर, घातलं आणि खाली पहिल्या मजल्यावर, पार्किंगमध्ये तोच कॉलम कुजलेला राहिला, तर तुम्ही वजन वाढवलंत, आधार वाढवला नाहीत. कॉलमची दुरुस्ती खालून वर येते. शिवाय कॉलम तुमचा नाही, सोसायटीचा आहे. भाव कितीही कमी करून घ्या, हा दोष एकट्याने विकत घेता येत नाही आणि एकट्याने दुरुस्तही करता येत नाही.

म्हणून त्यांनी आम्हाला भावाच्या बोलणीऐवजी सोसायटीकडून काय मागायचं ते सांगितलं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटी चालवायचे नमुना नियम) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढे ३ वर्षांतून एकदा व्हायला हवं, तेव्हा शेवटच्या ऑडिटची प्रत मागा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे ३० वर्षं झालेल्या इमारतीची महापालिकेकडे नोंद असलेल्या इंजिनिअरकडून तपासणी आणि प्रमाणपत्र लागतं, ते झालंय का विचारा. सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी) आणि दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे ते बघा. बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.२५ टक्के आणि ०.७५ टक्के असे ते जमायचे असतात. गेल्या काही सर्वसाधारण सभांचं इतिवृत्त वाचा, दुरुस्तीचा विषय कोणी हाणून पाडतंय का ते त्यात दिसतं. आणि हे हाती येईपर्यंत टोकन देऊ नका.

सेक्रेटरींकडे ऑडिटचा कागद होता, दोन पानी, "इमारत समाधानकारक" असं लिहिलेला, एकाही चाचणीचा आकडा नाही. पण माणूस भला. रिपोर्ट वाचून ते अस्वस्थ झाले आणि सरांना बोलावून त्याच रेषेतला पार्किंगमधला कॉलम दाखवला. तिथलाही गिलावा पोकळ निघाला. सरांनी त्याच दिवशी शेजारच्या बीमखाली स्टीलचे टेकू लावून घेतले, कॉलमवर पाणी पडत होतं तो पाइप आधी बदलायला सांगितलं, आणि भेगेच्या टोकांवर पेन्सिलने खूण करून तारीख घातली. दोन ठिकाणी भेगेवर आडवी काचेची पट्टीही चिकटवली. पट्टी तडकली तर भेग अजून हलतेय असं समजायचं. या जादा फेरीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. पूर्ण इमारतीचं ऑडिट मात्र आपण करणार नाही, विकत घेणाऱ्याच्या बाजूने मी आलोय, तेव्हा सोसायटीने महापालिकेच्या यादीतला दुसरा इंजिनिअर नेमावा, असं त्यांनी स्वतःहून सुचवलं. चालून आलेलं मोठं काम त्यांनी असं सोडलं, ते मी डोळ्यांनी बघितलं.

सोसायटीने दुसरा इंजिनिअर नेमला, ऑडिट झालं, दुरुस्तीचा ठराव विशेष सभेत मंजूर झाला. आम्ही फ्लॅट घेतोय. करारात एक कलम घातलंय की त्या ठरावाप्रमाणे या फ्लॅटच्या वाट्याला येणारी दुरुस्तीची रक्कम काका सोसायटीत भरतील आणि किचनमधला कॉलम खालून वर दुरुस्त झाल्याचं इंजिनिअरचं पत्र आल्यावर आम्ही ताबा घेऊ. काकांनी ते आनंदाने मान्य केलं.

खर्च लिहिते, कारण सगळे तेच विचारतात. नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीचे ६,००० रुपये, चाचण्यांचे १४,०००, वर जीएसटी. एका फ्लॅटसाठी ही रक्कम जड वाटते. आमच्या वीस वर्षांच्या कर्जापुढे मला ती योग्य वाटली. आधी फक्त डोळ्यांनी पाहणीचा पहिला टप्पा घेता येतो, चाचण्यांची गरज नसेल तर सर तसं सांगतात. आमच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाला त्यांनी चाचण्या करू नका म्हणूनच सांगितलं.

तक्रारीही आहेत. ऑफिसचा फोन लवकर उचलला जात नाही, मेसेजचं उत्तर संध्याकाळी उशिरा येतं. चाचणीला आलेल्या मुलांनी किचनमध्ये काही अंथरलं नव्हतं, सिमेंटची धूळ काकूंच्या डब्यांवर बसली. वयस्कर माणसांच्या घरात काम करताना एक प्लास्टिकचा कागद आणणं अवघड नाही. वायरिंग आणि नळाच्या लाइन ते बघत नाहीत, त्यासाठी वेगळा माणूस लागतो, हे ठरवताना स्पष्ट विचारून घ्या.

आणि रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत आहे. ज्या घराबद्दल तो होता, त्या घरातल्या काका-काकूंना तो वाचता आला नाही. मी त्यांच्याकडे बसून पानापानाने मराठीत सांगितला, सेक्रेटरींनाही काही भाग सांगावा लागला. ऑफिसला माझी कळकळीची विनंती आहे की रिपोर्टच्या सुरुवातीला एक पान मराठीत द्या: काय दिसलं, किती तातडीचं आहे, कोणी काय करायचं.